घरांची अदलाबदल : नाशिकच्या सोसायट्यांना जमेल का?

सिंहस्थ जवळ आला की नाशिककराला लांबलांबच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वरला ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान, असे वेळापत्रक जाहीर झाल्यापासून ‘तुमच्याकडे एखादी खोली असेलच ना’ हा प्रश्न घरोघरी पोहोचला आहे. आणि याच शहरात, गंगापूर रोड, महात्मानगर, इंदिरानगर भागातल्या इमारतींत, कितीतरी फ्लॅट वर्षातले चार-सहा महिने कुलपात असतात. मुले पुण्यात, बंगळुरूत नाहीतर न्यू जर्सीत. आईवडील आळीपाळीने त्यांच्याकडे. चावी समोरच्या फ्लॅटमध्ये, आणि समोरच्या काकू आठवड्यातून दोनदा तुळशीला पाणी घालतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने राज्यवार आकडे मांडले तेव्हा रिकाम्या घरांत महाराष्ट्र पहिला होता. त्यांत गुंतवणूक म्हणून घेतलेली घरे बरीच असणार. पण राहती असूनही वर्षातला मोठा काळ बंद असणारी घरे कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

अशी घरे काही आठवड्यांसाठी, पैसे न घेता, एकमेकांना राहायला देता येतील का? काही देशांत हे रुळले आहे, आणि सहनिवासी वस्त्यांच्या, म्हणजे घरे स्वतंत्र पण काही जागा सामायिक अशा वस्त्यांच्या, आपापसातल्या देवाणघेवाणीत ते विशेष सोपे जाते. आपल्याकडे ते कुठे अडते, आणि अडावे का, हे पाहण्यासाठी हा आढावा.

तिकडची सुरुवात शिक्षकांनी केली. १९५३ मध्ये युरोपातल्या काही शिक्षकांनी ‘इंटरव्हॅक’ हे जाळे उभे केले. सुट्टी लांबलचक आणि खिसा हलका, तेव्हा तू माझ्या घरी जा, मी तुझ्या घरी येतो, एवढा साधा व्यवहार. छापील यादी टपालाने यायची, पत्रे लिहून तारखा जुळवल्या जायच्या. १९९२ मध्ये एड कुशिन्स यांनी अमेरिकेत ‘होमएक्स्चेंज’ काढले आणि पुढे सगळा कारभार इंटरनेटवर गेला. (आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ‘आपसी बदली’ हा प्रकार चांगलाच आत्मसात केला आहे. नोकरीचा जिल्हा बदलून घेतात, पण मे महिन्यात महिनाभर घर बदलून घ्यावे हे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.)

सहनिवासी वस्तीची गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. डेन्मार्कमध्ये यान गुडमन-हॉयर या वास्तुविशारदाने १९६४ च्या सुमारास मित्रमंडळींबरोबर अशा वस्तीचा आराखडा मांडायला घेतला. १९६७ मध्ये बोडिल ग्रे यांनी प्रत्येक मुलाला शंभर पालक असावेत अशा अर्थाचा लेख लिहिला आणि तो वाचून समविचारी कुटुंबे पुढे आली. १९७२ मध्ये हिलरॉड गावाजवळ ‘सेटेडामेन’ ही २७ घरांची वस्ती राहती झाली. प्रत्येकाचे घर आणि स्वयंपाकघर स्वतंत्र. शिवाय सगळ्यांचे मिळून एक सामायिक घर, तिथे मोठे स्वयंपाकघर, आठवड्यात काही वेळा पंगत, स्वयंपाकाला पाळ्या. अमेरिकेतली अशी पहिली नवी बांधलेली वस्ती, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावची ‘म्यूर कॉमन्स’, १९९१ मध्ये सुरू झाली.

या सामायिक घरात बहुधा एक-दोन पाहुण्यांच्या खोल्या असतात, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. आधी सदस्यांचे पाहुणे त्या खोलीत उतरतात. मग दुसऱ्या वस्तीतले कोणी येतात, जेवणाच्या पाळीत भांडी घासू लागतात, ओळख होते. त्यानंतर पूर्ण घर देण्याघेण्याची गोष्ट निघाली तर ती दोन अनोळखी माणसांत राहिलेली नसते. येणाऱ्याला सामायिक जागेची शिस्त आपल्या वस्तीतच लागलेली असते. त्याने बेसिन तुंबवून ठेवले तर तक्रार त्याच्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते, आणि त्या शेजाऱ्यांच्या पंगतीला त्याला परत गेल्यावर बसायचेच असते. म्हणजे दिसायला अदलाबदल दोन घरांची, पण जामीन राहतात ते दोन शेजार. हे एकदा लक्षात आले की अॅपवर घर टाकणे आणि वस्तीने वस्तीशी घर बदलणे यांतला फरक स्पष्ट होतो.

आता नाशिककडे वळू. परगावच्या माणसाला घरात उतरवून घेणे या शहराला नवीन नाही. त्यावर इथले एक अख्खे अर्थकारण चालत आले आहे. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे यजमान घरीच उतरतात. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे यजमान कोणाकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. त्यांच्या वह्यांत पणजोबा कधी आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, याच्या नोंदी असतात आणि नवा आलेला यजमान खाली आपले नाव घालतो. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी. तेवढे दिवस राहणे, जेवण, सोवळ्याची व्यवस्था गुरुजींच्या घरी किंवा त्यांनी सांगितलेल्या जागी. यात अदलाबदल नाही, दक्षिणा आहे. पण ओळखपत्र न मागता माणूस घरात कसा घेता येतो, याचे उत्तर त्या वहीत आहे. येणाऱ्याच्या आधी त्याच्या घराण्याची नोंद तिथे येऊन बसलेली असते.

देवळालीला दुसरा नमुना दिसतो. हवापालटासाठी मुंबईची माणसे इथे येऊ लागली आणि लॅम रोडच्या परिसरात पारशी, गुजराती, कच्छी अशा निरनिराळ्या समाजांची सॅनिटोरियम उभी राहिली. समाजाच्या माणसाला माफक शुल्कात काही आठवड्यांसाठी खोल्या, बरोबर स्वयंपाकाची सोय. एकाची मालकी नाही, सगळ्यांचा वापर, आणि आत कोण येणार हे समाज ठरवणार. व्यवस्था म्हणून ही उत्तम होती. तिचा दरवाजा मात्र जातीच्या मापाचा होता.

हा मुद्दा गोड बोलून टाळता येणार नाही. आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाचा जन्मच त्या दरवाजातून झाला. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. महाराष्ट्रातल्या या चळवळीतली ती आद्य संस्था. अहमदाबादच्या झोराष्ट्रीयन सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. जातीत विश्वास स्वस्तात मिळतो, हे खरे आहे. घर देताना ‘आपल्यातलेच आहेत’ एवढे एक वाक्य पुरते. पण उद्या घरांची अदलाबदल याच वाटेने वाढली तर ती ज्यांना मुंबईत किंवा नाशिकमध्ये आडनाव ऐकून घर नाकारले जाते त्यांच्या काहीच उपयोगाची नाही. त्यापेक्षा मला व्यवसायाचा धागा बरा वाटतो. वांद्र्याच्या ‘साहित्य सहवास’मध्ये लेखक एकत्र आले, शेजारच्या पत्रकारनगरात पत्रकार. नाशिकमध्ये शिक्षकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या सोसायट्या आहेत, नाशिकरोडला प्रेस कामगारांची मोठी वस्ती आहे, ओझरला एचएएलची टाउनशिप आहे. बँकेतल्या माणसाला हॉलिडे होमची सवय असतेच: नोंदणी, क्रमांक, चादरी मोजून परत देणे. हा धागा जातीपेक्षा रुंद आहे, आणि ज्याच्याशी घर बदलायचे त्याची चौकशी दोन फोनवर करता येते.

मग वाड्यांचे काय, असे कोणी विचारील. जुन्या नाशकातले वाडे म्हणजे मराठी सहनिवास, असे लिहायचा मोह बऱ्याच जणांना होतो. चौक एक, विहीर एक, नळ एक, हे खरे. पण बहुतेक बिऱ्हाडे भाडेकरूंची होती, दुरुस्ती मालकाने करायची की भाडेकरूने यावर दोन पिढ्या भांडल्या, आणि आज दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा चिकटवते. एकत्र राहणे आणि एकत्र निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाड्यात पहिली होती, दुसरी नव्हती.

वाड्यांची ही दशा ज्या कायद्याने केली त्यानेच घर देण्याची भीतीही मराठी मध्यमवर्गात पेरली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडेकरू हलेना आणि भाडे वाढेना, म्हणून लोक भाड्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा देऊ लागले. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे अशा परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. दोन वर्षांसाठी म्हणून जागा दिलेल्या मालकांना ती परत मिळेना. अशी एखादी हकिगत प्रत्येक मोठ्या कुटुंबात सांगितली जाते, आणि तिचे तात्पर्य एकच असते: घर कुलपात राहिले तरी चालेल, कोणाला द्यायचे नाही. तात्पर्य पन्नास वर्षे टिकले, कायदा मात्र बदलला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लेखी, नोंदणीकृत करार सक्तीचा आहे, आणि राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवाना संपल्यावर ती जलद परत मिळवण्याची तरतूद आहे. मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट आकार भरावा लागतो.

बिनभाड्याने, पाहुणा म्हणून दोन-तीन आठवडे राहू देणे हा त्याहून हलका व्यवहार. दोन्ही बाजूंनी सही केलेले एक पत्र असावे: राहण्याची परवानगी, तारीख, ताबा मालकाचाच. मुक्काम महिन्यांवर जाणार असेल तर वकिलाला विचारून रीतसर करार करावा. पाहुणा परदेशी पासपोर्टवर आलेला असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे रीतसर कळवण्याचे ध्यान ठेवावे. हे अनेकांना माहीत नसते. आणि विम्याचे एक उलटेच आहे. घरविम्याच्या अनेक पॉलिसींत घर सलग तीस दिवसांहून जास्त बंद राहिले तर चोरीचे संरक्षण मिळत नाही. म्हणजे सुरक्षित म्हणून लावलेले कुलूपच विमा कंपनीच्या लेखी जोखीम ठरते.

खरी अडचण खाली, सोसायटीच्या ऑफिसात आहे. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्याला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लावू नये असेही ठरले. पण नातेवाईक नाही, भाडेकरूही नाही, असा माणूस घरात दिसला की वॉचमन सेक्रेटरीला फोन करतो आणि सेक्रेटरी उपविधी काढतो. त्यात या माणसासाठी शब्द नाही. मग पार्किंग, लिफ्ट, ‘उद्या काही झाले तर जबाबदार कोण’ अशी चर्चा व्हॉट्सअॅपवर दोन दिवस चालते. एका सदस्याने गुपचूप अदलाबदल केली तर हे होणारच. सोसायटीने आधी ठराव केला तर होणार नाही.

आता गरज कोणाला आहे ते पाहू, कारण इथे आपला मामला पाश्चात्त्यांपेक्षा वेगळा आहे. तिकडे घर बदलतात ते बहुधा सुट्टीसाठी. आपल्याला परगावी घर लागते ते कामासाठी. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार सुरू झाले की नाशिकच्या कुटुंबाला मुंबईत आठवडेच्या आठवडे राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांची सोय होते, पण रांग मोठी. मुलीचे बाळंतपण ठाण्यात, मुलाची परीक्षा पुण्यात, साठीच्या पुढच्या माणसाचे गुडघ्याचे ऑपरेशन. नातेवाइकाकडे उतरावे तर त्यांचा वन बीएचके, त्यांच्या मुलांची बारावी. यात बाईचे हाल अधिक. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहायचे तर पहाटे सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकायची, मग त्यांच्या स्वयंपाकात हात लावायचा, आणि त्यानंतर डबा घेऊन दवाखाना गाठायचा. यजमान नसलेले घर मिळणे ही तिच्यासाठी चैन नव्हे.

उलट दिशेने मुंबईकराला नाशिक हवे असते तेही ठरलेल्या वेळी: श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, चैत्रातली वणीची यात्रा, त्र्यंबकचे विधी, नाहीतर नुसतेच पावसाळ्यातले चार दिवस. तारखा क्वचितच जुळतात. केमोथेरपीची तारीख श्रावणी सोमवार पाहून येत नाही. म्हणून एकाच वेळी घरे बदलण्याचा प्रकार आपल्याला फारसा उपयोगी नाही. आपल्याला हवी ती भिशी: आज माझे घर दहा रात्री कोणी वापरले, तर माझ्या नावावर दहा रात्री जमा, त्या मी वर्षभरात गटातल्या कोणाच्याही घरी काढीन. होमएक्स्चेंजवर याच तत्त्वाने गुण मोजतात. एकच पथ्य: रात्र ती रात्र. दादरचा वन बीएचके विरुद्ध कॉलेज रोडचा थ्री बीएचके असा चौरस फुटांचा हिशेब कोणी मांडला की भिशी बुडालीच म्हणून समजा.

घर हाती देताना अडचणी कायद्याच्या नसतात, स्वयंपाकघराच्या असतात. फ्रिजवर एक वही लटकवावी आणि तिच्यात सगळे लिहावे. नळाला पाणी कितीला येते. गिझरचे बटण दाराच्या मागे आहे. दुसरे सिलिंडर बाल्कनीत, रेग्युलेटर जरा दाबून बसवावा लागतो. दूधवाला पिशवी कडीला अडकवतो. मावशी अकराला येतात, त्यांचे त्या दिवसांचे पैसे कोण देणार. डावे कपाट बंद आहे, बंदच राहू द्यावे. मांस-मच्छी चालते की नाही हे तोंडावर विचारायला संकोच वाटतो, म्हणून आधीच लिहिलेले बरे. देवघराचा प्रश्न नाजूक. कोणी देव शेजारी नेऊन ठेवतात, कोणी आलेल्याला दिवा लावायला सांगतात. आलेला माणूस वेगळ्या धर्माचा असला तर देवघराला पडदा लावून विषय संपवता येतो. या वहीची तयारी, कपाटे रिकामी करणे, चादरी धुणे हे सगळे घरातल्या बाईच्या अंगावर पडणार असेल तर ती दुसऱ्या वेळी नको म्हणेल, आणि तिचे बरोबर असेल.

रिकामी घरे वापरात ठेवण्याचा एक मोठा प्रयोग देशातच चालू आहे. २८ फेब्रुवारी १९६८ ला स्थापन झालेल्या, पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये राहणाऱ्यांची घरावर खासगी मालकी नसते. कोणी काही महिने बाहेरगावी गेले की त्या घरात दुसरा माणूस राहून ते सांभाळतो, झाडांना पाणी घालतो, मांजराला खाऊ घालतो. घर बंद पडत नाही, राहणाऱ्याला छप्पर मिळते. पण त्याची दुसरी बाजूही तिथे दिसते. घरांची टंचाई असल्यामुळे नव्याने आलेल्यांना पिशव्या उचलून या घरातून त्या घरात अशी वर्षे काढावी लागतात. रिकामे घर सांभाळणे ही घरटंचाईवरची तोड होऊ शकत नाही, हे तिथून शिकावे.

सिंहस्थात ही कल्पना आपोआप उचल खाईल असे वाटते, कारण पर्वणीला भाविकांना शहरात यायचे असते आणि बऱ्याच नाशिककरांना शहराबाहेर जायचे असते. २०१५ च्या २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरच्या पर्वण्यांचा बंदोबस्त ज्यांनी पाहिला ते हे सांगतील. तरी माझे मत असे की सुरुवात तेव्हा करू नये. त्या दिवसांत खोलीचा भाव चढतो आणि फुकट दिलेल्या घराची किंमत लोकांच्या मनात रुपयांत दिसू लागते. ज्यांना पैसेच हवेत त्यांच्यासाठी राज्य सरकारची निवास-न्याहारी योजना आहे. तो वेगळा धंदा, आणि रीतसर आहे.

एकदम पूर्ण घराच्या अदलाबदलीवर उडी मारणे आपल्या सोसायट्यांना झेपणार नाही, असे मला वाटते. पाहुण्यांची खोली झेपेल. क्लब हाऊसमधली कॅरमची धूळ खाणारी खोली, नाहीतर ऑफिसशेजारचे कोठार. त्यात दोन पलंग, गिझर, एक शेगडी, आणि नोंदीला वही. मग मुंबईची किंवा पुण्याची, शक्यतो त्याच व्यवसायातल्या लोकांची एक सोसायटी गाठावी आणि खोलीच्या बदल्यात खोली, एवढाच करार वर्षभर चालवून पाहावा. उपचारासाठी येणाऱ्याला पहिला क्रमांक द्यावा. घरे त्यानंतर आपली आपण उघडतील, आणि नाही उघडली तरी खोली वाया जाणार नाही.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. विषयपत्रिका निघण्याआधी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या: पाहुण्यांसाठी एक खोली ठेवणे, आणि बिनभाड्याने राहणाऱ्या पाहुण्याची नोंद कशी करावी याचा नियम ठरवणे. ‘आयत्या वेळचे विषय’ यात हा विषय ढकलू देऊ नका. तिथपर्यंत सभा पोहोचते तेव्हा लोक वडापाव घेऊन घरी गेलेले असतात.